मेलेल्यांना जुनं मॉडेल चालत नाही

११ जून, रविवार

गेल्या वर्षीचे कागदाचे फोन आज चुलीत घातले. अकरा गठ्ठे! काळे, पाठीवर दोन भिंगं. दिसायला काय वाईट होते? पण परवा हनोईहून एक बाई आली, एक फोन दोन बोटांत धरून उलटापालटा केला आणि म्हणते, "हे तर जुनं. सासऱ्यांसाठी जाळलं तर स्वप्नात येऊन शिव्या घालतील मला." झालं! मेलेल्यांना जुनं मॉडेल चालत नाही. जिवंतपणी त्या म्हाताऱ्याला कुणी साधा टॉर्चवाला फोन तरी घेऊन दिला होता का, देव जाणे.

माझी आई कागदाचे घोडे करायची. घोडे, टोप्या, चपला, जाळून पितरांना पोचवायचं ते सगळं. घोड्याचा एक साचा तिला जन्मभर पुरला आणि पुढे मला वीस वर्षं. घोडा काही जुना होत नाही. मग लोकांना मोटारसायकल हवी झाली, मग टीव्ही, आणि आता फोन. खरा फोन इथून दोन कोसांवरच्या कारखान्यात जन्मतो. आठ-दहा महिने जगतो, मग त्याची लाइन उखडून टाकतात आणि नवी बसवतात. माझा कागदाचा तेवढाही जगत नाही. सातव्या महिन्याची पितरांची पौर्णिमा उलटली की त्याला कुणी विचारत नाही, जाळायलासुद्धा.

पोरगी आज येणार होती, लुआ. त्याच कारखान्यात आहे, ओव्हरटाइम लागला म्हणे.

१३ जून

दोआन प्रेसवाला येऊन बसला. "थोम वहिनी, या वर्षी काय छापायचं ते लवकर सांगा. मशीन रिकामं आहे तोवर." काय सांगू, कपाळ? नवा फोन बाजारात येणार सप्टेंबरच्या मध्यावर. पौर्णिमा तीस ऑगस्टला. म्हणजे मी जे छापीन ते जन्मतःच शिळं.

"मग या वर्षी राहू द्या," म्हणतो. "हनोईचा माल बघितलात ना? खोका, चार्जर, कानात घालायचं, सगळं मशीनवर कापलेलं. आपण कुठं पुरे पडणार?"

आपण म्हणे! त्याचं काय जातंय? तो लग्नपत्रिका छापील. हाताने करणारं गावात माझं घर आणि मागच्या गल्लीतली दोन. या वर्षी माल पडून राहिला तर मी संपले. हे इथे लिहिते, कुणाला बोलून दाखवणार नाही. दोआनला हाकललं नाही, पण दुसरा चहा दिला नाही.

२५ जून, रविवार

लुआ आली! बरोबर क्वे. दोघी कारखान्याजवळ एका खोलीत राहतात आणि लाइनवरही शेजारी शेजारी. दोघीही फोनच्या पाठीवर भिंगाच्या कड्या बसवतात. क्वे काओ बांगच्या डोंगरातली. मोठ्यानं हसते, तीन वाट्या भात खाते, आणि पहिल्या दिवसापासून मला आई म्हणते. विचारलं नाही, सवरलं नाही, आपली आईच! लुआ आंघोळीला गेली तशी ही माझ्याजवळ फतकल मारून खोकी चिकटवायला बसली.

"आई, वर रेंज येते का हो?"

"तू मेल्यावर फोन करून सांग," मी म्हटलं. "तुझी बडबड तिथेही बंद व्हायची नाही." इतकी हसली की डिंक सांडला.

दोघींचा करार एकतीस ऑगस्टला संपतो. हा दुसरा. आता ठेवलं तर कायमचं ठेवावं लागतं, म्हणून बहुतेकींना इथेच नारळ देतात. लुआ सत्तावीसची. भाजी निवडता निवडता म्हणाली, "नाही झालं तर तैवानला जाईन. तिथे म्हाताऱ्यांची सेवा करायला बायका घेतात." किती वर्षं? "तीन. मग आणखी तीन." बाजारात जाऊन येते असं म्हणावं तसं म्हणाली.

तिचे बाबा जाऊन चार वर्षं झाली. ही गेली तर या घरात बोलायला कोण? कागदाची खोकी!

नव्या मॉडेलबद्दल मी कधी विचारत नाही. पोरींनी सही करून दिली आहे. आत जाताना स्वतःच्या फोनच्या भिंगावर चिकटपट्टी, बाहेर येताना झडती. तोंडातून एक शब्द गेला की नोकरी गेली. गावातल्या सगळ्या आयांना हे पाठ आहे.

९ जुलै, रविवार

हे लिहावं की नाही कळत नाही.

दुपारी लुआ पलंगाला टेकून टीव्ही बघत होती. हात मांडीवर. आणि हात काम करत होते! तिला पत्ताच नाही. डाव्या अंगठ्यानं एक दाब. तीन बोटं जागा सोडून उजव्या अंगठ्यानं दुसरा. मधोमध करंगळीची बारीक टोच. मग तळवा पालथा. पुन्हा तेच. पुन्हा तेच. टीव्हीतली बाई धाय मोकलून रडत होती आणि हिचे हात आपले दाबतायत.

मला हे कळतं. माझे हात झोपेतसुद्धा कागद दुमडतात. तिचे बाबा वैतागून धरून ठेवायचे. गेल्या वर्षी याच दिवसांत लुआ त्रिकोणात दाबायची, एक, दोन, तीन. तेव्हा मला हसू आलं होतं. आणि मग फोन आला तो तीन भिंगांचा, त्रिकोणात.

उठले आणि भांडी घासायला बसले. घासलेलीच होती. तरी घासली.

१० जुलै

नाही. करायचं नाही म्हणजे नाही.

१२ जुलै

नुसतं पेन्सिलीनं काढून बघितलं. आडवी पट्टी, दोन टोकांना दोन मोठी भिंगं, मधे एक बारीक. काय देखणं दिसतं! असा फोन अजून कुणी पाहिलेला नाही.

पोरगी एक अक्षर बोलली नाही. मी एक अक्षर विचारलं नाही. चित्र माझ्या हातचं, कागद माझा. कुणाचं काय चोरलं मी?

१४ जुलै

दोआनला चित्र दिलं. रंग हिरवा, कमळाच्या पानाचा, कारण तोच कागद शिल्लक होता.

"वहिनी, हे कुठलं मॉडेल?"

"वरचं. तिथे आपल्या आधी येतं."

हसत हसत त्यानं छपाईची प्लेट करायला घेतली.

६ ऑगस्ट, रविवार

लुआच्या रविवारच्या सुट्ट्या महिनाभर रद्द. नवा फोन भराभर काढायचा आहे ना. फोनवर दोन मिनिटं बोलते, तेही जांभया देत.

इकडे माल चाललाय! हनोईचे दोन व्यापारी एकाच दिवशी आले, आणि एकमेकांकडे असे बघत होते की माझी मीच चहा करायला आत गेले. "काकू, हे कुठून आणलंत?" मी म्हटलं, डोक्यातून. एकटीनं होईना म्हणून मागच्या गल्लीतल्या दोघींना हाताशी घेतलं.

दुपारी एक म्हातारी आली, काठी टेकत. नवा फोन तिला नकोच. "बटणांचा आहे का गं? आमच्या ह्यांना बोट घासून चालवायचं जमायचं नाही. ओरडतील माझ्यावर." माळ्यावर चढून शोधला. सात-आठ वर्षांपूर्वीचा एक निघाला, कोपरे उंदरांनी खाल्लेले. कोपरे नीट करून दिला. बाहीला पुसून छातीशी धरून नेला तिनं. सगळी गिऱ्हाइकं अशी असती तर मी अजून घोडेच केले असते.

१७ ऑगस्ट

काल सातवा महिना लागला. आज दोआन धावत आला. हातात त्याचा फोन, त्यात एक पोरगी हनोईच्या बाजारात उभी राहून माझा हिरवा फोन नाचवतेय आणि किंचाळतेय, "मेलेल्यांना मिळाला, आम्हाला कधी?" म्हणे लाखो लोकांनी बघितलं! दोआन म्हणतो, "वहिनी, तुम्ही प्रसिद्ध झालात."

आरशात बघितलं. तीच मी. पण आज पाठ दुखत नाहीये. लुआचे बाबा असते तर गल्लीभर सांगत फिरले असते.

२१ ऑगस्ट

आले.

कारखान्याचे दोघे, पांढरे शर्ट, आणि गावचा पोलीस. पोलिसाला मी चड्डीत बघितलंय, बिचारा दारातच घुटमळत होता. पांढऱ्या शर्टानं माझा फोन टेबलावर ठेवला. बाजूला एक कागद. कागद मला दाखवला नाही, पण मी काही आंधळी नाही. आडवी पट्टी, दोन टोकांना दोन, मधे बारीक. रंग तेवढा राखाडी. रंग सोडला तर तंतोतंत!

"काकू, हे चित्र कुणी दिलं?"

आणि तोंडातून काय निघावं? "नवरा स्वप्नात आला होता. त्यानं सांगितलं, असा हवा."

पोलिसानं मान खाली घातली. धाकट्या पांढऱ्या शर्टानं विचारलं, "दरवर्षी येतात का?"

"नाही. मॉडेल बदललं की येतात."

पोलीस खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. पण मोठा होता तो हसला नाही. वहीत बघून म्हणाला, "तुमची मुलगी लुआ. कड्या बसवायच्या लाइनवर. बरोबर?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

२२ ऑगस्ट

लुआचा फोन. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"आई, मी तुला एक शब्द तरी सांगितला होता का?"

"नाही गं बाई."

"मग कुठून आलं ते?"

"सुचलं."

"सुचलं?" एवढंच म्हणाली आणि ठेवला.

२४ ऑगस्ट

उरलेले सगळे हिरवे फोन मागच्या अंगणात जाळले. व्यापाऱ्यांना सांगितलं, संपले. एक जण भांडला, तिप्पट देतो म्हणाला. दोआनला प्लेट फोडायला लावली. आता काय उपयोग! बाजारात शेकड्यानं फिरतायत, आणि हनोईवाल्यांनी तसेच छापायला घेतले म्हणे. माझा फोन आता माझाही राहिला नाही.

लुआचा पुन्हा फोन. त्या लाइनवरून आमच्या घरी आलेल्या दोघीच, ती आणि क्वे. दोघींना वेगवेगळ्या खोलीत बसवून विचारतायत. एकतीस तारखेपर्यंत फोडणारीचं नाव आलं नाही तर दोघींनाही घरी पाठवणार. नाव आलं तर जिचं आलं ती एकटी जाईल.

"क्वे काय म्हणते?" मी विचारलं.

"ती म्हणते, मी इतकी बडबडते, कधी निसटलं असेल का गं माझ्या तोंडून? मला आठवत नाही. सारखं तेच म्हणते, आई. जेवत नाहीये."

क्वे जेवत नाहीये!

२५ ऑगस्ट

कारखान्यात जाऊन सांगावं का? काय सांगू — माझी पोरगी बोलली नाही, तिचे हात बोलले? म्हणतील, मग हात घरी न्या. हातच तर कामाला ठेवलेत त्यांनी.

दोनदा चपला घातल्या. दोनदा काढल्या.

२७ ऑगस्ट, रविवार

लुआ आली. एकटी. बसली नाही, दारातच उभी.

"जूनमध्ये मी आंघोळीला गेले होते तेव्हा क्वे तुझ्याजवळ बसली होती. तीच बोलली ना? आई, खरं सांग मला."

तोंडाशी आलं होतं, अगं, तुझेच हात! पण मग? ही सरळ पोर. लहानपणी मास्तरांनी एक मार्क जास्त दिला तर परत करून आलेली. बापावर गेलीय. खरं कळलं असतं तर उद्याच्या उद्या जाऊन सगळं त्यांच्यासमोर ओकली असती. आणि मग तैवान. तीन वर्षं, मग आणखी तीन.

मी मान हलवली. हो म्हणून.

बघत राहिली माझ्याकडे. किती वेळ! मग म्हणाली, "बरं." पाणीसुद्धा प्यायली नाही. बस अजून यायची होती, तरी रस्त्यावर जाऊन उभी राहिली उन्हात.

माझ्यासारखी हलकट बाई या गावात दुसरी नसेल.

२८ ऑगस्ट

अजून तीन दिवस आहेत. सांगता येईल अजून.

२९ ऑगस्ट

सांगितलं नाही.

३० ऑगस्ट, पौर्णिमा

सगळ्या गावात धूर. चिकट भात केला, केळी ठेवली, उदबत्ती लावली. दरवर्षी तिच्या बाबांना नवा फोन पाठवते. या वर्षी हातात काहीच नाही! आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेलेल्यांना पुरवलं आणि आज माझ्या माणसाला द्यायला कागदाचा कपटा नाही. एक कोरा कागद होता तो जाळला. त्यांचं नाव घेऊन खोटं बोलले मी. दुसरं कुणाचं घ्यायला हवं होतं.

१ सप्टेंबर

लुआला कायम केलं.

क्वेला काल दुपारीच फाटकाबाहेर काढलं. सामान न्यायला खोलीवर आली तेव्हा लुआ कामावर होती. खोली झाडून गेली म्हणे. तांदूळ अर्धे ठेवून गेली.

ज्या दिवसासाठी हे सगळं केलं तो हा दिवस. मी सकाळपासून अंथरुणातच आहे.

९ सप्टेंबर

दोआन आला. पुढच्या वर्षीचं विचारायला! म्हटलं, आता मी काही करणार नाही. घोडेसुद्धा नाही. त्याला वाटलं थट्टा करतेय. साचे, कात्र्या, डिंकाची भांडी, सगळं मागच्या गल्लीतल्या दोघींना देऊन टाकलं. एक जण विचारते, "ताई, तब्येत बरी नाही का?" तब्येतीला काय धाड भरलीय!

१५ सप्टेंबर

आला नवा फोन. टीव्हीवर दाखवला, राखाडी. आडवी पट्टी, दोन आणि एक. लोकांनी रात्रीपासून रांगा लावल्या होत्या म्हणे.

लुआ फोनवर म्हणाली की याच्यानंतरच्याचं यंत्र येऊन पडलंय लाइनवर. कड्या आता तेच बसवणार. तिला दुसरीकडे टाकतील. हा आज जन्मला आणि याच्या मरणाची तयारी आधीच झालेली आहे! मी म्हटलं, मग कायम म्हणजे काय कायम?

१६ सप्टेंबर

दुपारी दारात एक बाई. निळा डोंगरी पोशाख, डोक्याला रुमाल, काखेत टोपली. टोपलीत जिवंत कोंबडी. मला वाटलं विकायला आली. दहा तास बसमध्ये बसून आली होती. क्वेची आई!

आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच वाकली. आमची भाषा तिला अडखळत येते. "माफ करा, ताई. माझ्या पोरीच्या तोंडाला लगाम नाही. लहानपणापासून अशीच. तिच्यापायी तुमच्या पोरीची नोकरी जाता जाता राहिली. ती स्वतः यायला लाजते. म्हणून मी आले."

मी तिला उठवलं. हात धरून उठवलं! पाणी दिलं, चहा दिला. सांग, आत्ता सांग, असं मनात शंभरदा म्हटलं. आणि तोंडानं काय विचारलं? "क्वे काय करते आता?"

"मक्याच्या शेतात येते माझ्याबरोबर," म्हणाली. "पण ताई, आता बोलत नाही हो. अजिबात बोलत नाही. मी म्हणते बोल बाई काहीतरी, तर म्हणते, नको, चुकून काही निघायचं." मग हसली कसंनुसं. "घर फार शांत झालंय."

कोंबडी घ्यायलाच लावली मला. चारची बस पकडून गेली.

१७ सप्टेंबर, रविवार

लुआला सगळं सांगितलं. हात, टीव्ही, पेन्सिल, क्वेची आई, सगळं. रडत रडत सांगितलं.

ती कोंबडीची पिसं काढत होती. थांबली नाही.

"माहीत होतं, आई. तू मान हलवलीस तेव्हाच कळलं. तुला कधी खोटं बोलता आलंय का?"

"मग क्वेचं नाव—"

"मला नोकरी हवी होती."

कोंबडी आलं घालून शिजवली. चांगली झाली होती. लुआनं दोनदा घेतली. मीही.